रसिक मंडळ चालतं ते झेरॉक्सवर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात साहित्याच्या कार्यक्रमांना तोटा नाही. डिसेंबर लागला की बहुतेक रविवारी कुठेतरी मांडव पडलेला असतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमनी, सांबरा. खानापूर तालुक्यात माचीगड, निपाणीकडे कारदगा. शहरातल्या व्याख्यानमाला वेगळ्याच. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनसुद्धा बेळगावात 1929, 1946 आणि 2000 असं तीनदा झालं. थोडक्यात, ऐकायला भरपूर मिळतं. पण दहा-बारा जणांनी गोल करून बसायचं आणि एकच कविता दीड तास वाचायची, असं रसिक मंडळ क्वचित घडतं. जिथे घडतं तिथेही वर्षा-दोन वर्षांत त्याची व्याख्यानमाला होते, नाहीतर कविमंडळ.

याचं कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं. मजकूर सगळ्यांच्या हातात नसतो. ज्याच्याकडे पुस्तक तो बोलतो, बाकीचे माना डोलावतात. बोलणाऱ्याला मग मजकुराची गरजच उरत नाही. तो लेखकाच्या आठवणी सांगतो, काळ सांगतो, कुठल्या समारंभात भेट झाली ते सांगतो. ऐकणाऱ्याला अडवायला जागा राहत नाही, कारण सातव्या ओळीत नेमकं काय लिहिलंय हे त्याला दिसतच नसतं. म्हणून रसिक मंडळाचा पहिला नियम रसिकतेचा नाही, झेरॉक्सचा आहे. जितकी माणसं तितक्या प्रती, वर दोन जास्तीच्या.

प्रत कशी काढायची यालाही महत्त्व आहे. पुस्तकाचं पान तसंच झेरॉक्स केलं तर बांधणीकडच्या बाजूची अक्षरं काळ्या पट्टीत जातात, आणि जुन्या पातळ कागदावर मागच्या पानाचा मजकूर उमटतो. पानामागे काळा कागद सरकवला की हे उमटणं बरंच कमी होतं. कविता असेल तर सरळ टाइप करून घ्यावी. अक्षर 14 पॉइंट, ओळींमध्ये दीडपट जागा, डाव्या समासात दर पाचव्या ओळीला आकडा, उजवीकडे पेन्सिलीसाठी तीन बोटं मोकळी जागा. आकड्यांमुळे चर्चेची भाषाच बदलते. ‘ते मधे कुठेतरी म्हटलंय ना’ याऐवजी ‘बाराव्या ओळीत बघा’ असं बोललं जातं. मोबाइलवर पीडीएफ पाठवून भागत नाही. प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळी ओळ असते, मधेच फोन येतो, आणि जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात. टाइप केलेला मजकूर मूळ पुस्तकाशी दोघांनी ताडून बघावा: एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पुस्तकात बघायचं. कवितेतला एक अनुस्वार चुकला तरी अर्धा तास भलत्याच अर्थावर जातो.

माणसं किती असावीत? नोंदलेली पंधरा ते अठरा, हजर आठ ते बारा. वीसच्या वर गेली की मागे बसलेले प्रेक्षक होतात आणि पुढे उभ्या असलेल्याचा आवाज चढतो. ध्वनिक्षेपक लागला तर समजावं की मंडळ मोठं झालंय. दोन करावीत, वेगवेगळ्या गल्लीत. चारच जण आले तर बैठक रद्द करू नये. कवितेसाठी चार माणसं पुरतात. एकदा रद्द केली की पुढच्या वेळी येणारा आधी फोन करून ‘आहे का नक्की?’ विचारतो, आणि मग कुणीच येत नाही.

जागा म्हणून वाचनालयाची बाजूची खोली किंवा कुणाच्या घरचा सोपा, म्हणजे ओसरी, उत्तम. शाळेचा वर्ग मिळतो, पण बाकं एकामागे एक असतात. ती गोलात लावायला आणि परत जागेवर ठेवायला दहा-दहा मिनिटं धरावीत. देवळाच्या सभामंडपात आवाज घुमतो, आणि एकादशीला, गुरुवारी भजन असतं. मे महिन्यात पंखा पूर्ण वेगानं फिरत असला की मऊ आवाजाच्या बाईंचं वाचन तिसऱ्या खुर्चीपुढे जात नाही. पंखा वाचनापुरता बंद करायचा, चर्चेला सुरू.

वेळ दीड तास, त्याहून जास्त नको. गावाकडून आलेल्यांची नजर सीबीटीवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, सुटणाऱ्या शेवटच्या बसवर असते, आणि ती बस धरायला उठलेला पहिला माणूस चर्चा मोडतो. म्हणून बसची वेळ आधी बघायची आणि तिथून मागे मोजत सुरुवात ठरवायची. दीड तासाची वाटणी साधारण अशी बसते: मागच्या बैठकीचं टिपण वाचायला पाच मिनिटं, पहिलं वाचन, मग पाच मिनिटं कुणीच न बोलता पेन्सिलीनं खुणा, चाळीसेक मिनिटं चर्चा, शेवटी तोच मजकूर दुसऱ्या आवाजात पुन्हा. चहा आणि चिरमुरे सगळं संपल्यावर. चहा मधे आणला की कपबशा गोळा होईपर्यंत विषय भात आणि भाच्याच्या लग्नावर गेलेला असतो.

दुसरं वाचन बहुतेक ठिकाणी वेळेअभावी गाळलं जातं, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी चूक. चर्चेत जे सापडलं ते कानाला पटतंय की नाही हे दुसऱ्या वाचनातच कळतं. पहिल्यांदा पुरुषानं वाचलेली कविता दुसऱ्यांदा बाईच्या आवाजात ऐकली की दोन-तीन जण हमखास परत बोलायला लागतात.

वाचणाऱ्याला मजकूर आठवडाभर आधी द्यावा. त्यानं घरी निदान दोनदा मोठ्यानं वाचायचा, थांबायच्या जागी उभी रेघ मारायची, अडखळतो त्या शब्दाखाली आडवी. नीट, सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात. म्हणजे अडीच हजार शब्दांच्या कथेला पंचवीस मिनिटं. त्याहून लांब कथा घरी वाचून यायला सांगावी आणि बैठकीत तिच्यातले दोनच उतारे वाचावेत. कादंबरी पहिल्या वर्षी नकोच. घेतलीच तर दोन-अडीचशे पानांची, तीन-चार बैठकांत वाटून.

वाचनात इथे एक खास दोष दिसतो. ग्रामीण बोलीतले संवाद आले की वाचणारा ते विनोदी करून टाकतो, आवाज काढतो. कथाकार महादेव मोरे निपाणीत राहून गॅरेज, पिठाची गिरणी, तंबाखूच्या वखारीतली माणसं लिहीत गेले. त्यांच्या माणसांच्या बोलण्यात गंमत असली तरी ती माणसं हसण्यावारी न्यायची नव्हेत. साध्या, घरच्या आवाजात वाचलं की पुरे. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथांचंही तेच. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ या चारही पुस्तकांत मुलगाच आपली गोष्ट सांगतो, आणि त्याच्या मराठीची लय बेळगाव भागातल्या माणसाच्या कानात आधीपासून असते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला जे वळण नवीन वाटतं ते इथे आजीच्या तोंडचं वाटतं. हा आपल्या मंडळांचा फायदा आहे, तो वापरावा. फक्त मोठ्या माणसानं बाळबोध आवाज काढून लंपन वाचू नये, कान किटतात.

आता एक बैठक प्रत्यक्षात कशी चालते ते बघू. नव्या मंडळानं सुरुवात बालकवींच्या ‘औदुंबर’पासून करावी. आठच ओळी आहेत, बहुतेकांना शाळेपासून अर्धी पाठ असते, आणि कवी 1918 साली वारले असल्यामुळे कवितेच्या हव्या तितक्या प्रती काढायला कुणाची परवानगी लागत नाही. पाठ असणं हीच अडचणही आहे. माणसं डोळे मिटून चालीवर म्हणतात, वाचत नाहीत. म्हणून प्रत खाली ठेवू द्यायची नाही.

सूत्रधारानं ‘कवीला काय म्हणायचंय?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. या प्रश्नानं खोलीची शाळा होते. एक निवृत्त गुरुजी उत्तर देतात आणि बाकीचे सुटतात. त्याऐवजी विचारायचं, रंग कुठले दिसतात ते ओळीच्या आकड्यासह सांगा. पहिल्या ओळीत हिरवाळी, दुसरीत निळासावळा झरा, चौथीत परत हिरवी गर्दी, पाचवीत पांढरी पायवाट, सहावीत हिरवं कुरण आणि काळा डोह, सातवीत काळिमा. कागदाच्या मोकळ्या जागेत हे सगळ्यांनी उतरवलं की कविता उजेडाकडून अंधाराकडे चालली आहे हे कुणी न सांगता दिसतं. मग दुसरा प्रश्न: हालचाल कुठे आहे? झरा वाहतो, पायवाट चालली आहे, काळिमा पसरतो आहे. गावात माणूस मात्र एकही नाही. आणि शेवटी जो येतो तो बसलेला, पाय पाण्यात टाकून. इथून पुढे चर्चेला ढकलावं लागत नाही. कुणाला तो विरक्त वाटतो, कुणाला निवांत, कुणाला मरणाच्या काठावरचा.

याच जागी गाडी घसरते. औदुंबर म्हटलं की दत्त आलाच, आणि चिकोडी-निपाणीकडची मंडळी नृसिंहवाडीच्या वाऱ्या करणारी. पाच मिनिटांत कविता बाजूला राहते आणि पादुकांना पाणी कधी लागलं यावर गप्पा सुरू होतात. त्यांना थांबवू नये, विचारावं: आठ ओळींत देव आहे का, असेल तर कुठल्या ओळीत? प्रश्न मजकुरात परत आणायचा, माणसाला गप्प करायचं नाही. सूत्रधाराचं काम एवढंच.

सीमाप्रश्नाचंही तसंच. इथल्या कुठल्याही साहित्यिक चर्चेत तो येतो आणि येणारच. 1946 सालच्या बेळगाव संमेलनात, कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राची मागणी साहित्याच्या मांडवातूनच पुढे आली. तेव्हा ‘राजकारण बाहेर ठेवा’ असा फलक इथे टांगणं मला तरी हास्यास्पद वाटतं. पण प्रत्येक कवितेचा शेवट तिथेच होऊ लागला की तरुण यायचे थांबतात. त्या विषयावरचं लेखन मजकूर म्हणून रीतसर निवडावं, प्रती काढाव्यात आणि तितक्याच बारकाईनं वाचावं.

कवयित्री इंदिरा संत ज्या बेळगावात राहिल्या, शिकवलं, लिहिलं, त्या बेळगावात त्यांच्या कविता वाचताना वेगळी अडचण येते. ‘आमच्या इंदिराबाई’ सुरू झाल्या की ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ सगळं घरगुती आठवणींत विरघळतं. आठवणी असणाऱ्या मंडळींसाठी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवावीत, त्याआधी नाही. 1951 च्या ‘शेला’मधली एक आणि ‘गर्भरेशीम’मधली एक अशा दोन कविता शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर ती बैठक चांगली होते. ‘गर्भरेशीम’ला 1984 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला हे बहुतेकांना ठाऊक असतं, पुस्तक उघडलेले मोजके असतात.

ज्यांचे हक्क अजून आहेत अशा लेखकांबाबत एक पथ्य. प्रकाशित मजकुराचा माफक उतारा जाहीरपणे वाचायला कायद्याची आडकाठी नाही. अख्खा संग्रह झेरॉक्स करून वाटणं मात्र सरळ चोरी आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. पुण्याहून किंवा कोल्हापूरहून पाच-दहा प्रती एकदम मागवल्या तर विक्रेता थोडीफार सूट देतो, आणि वाचून झाल्यावर त्या आलटून पालटून फिरवता येतात.

स्वतःच्या कविता वाचणं हा मंडळाला लागणारा सगळ्यात चिवट रोग. एकानं एक वाचली की सौजन्य म्हणून दुसऱ्याला वाचू द्यावी लागते, आणि आपल्यातल्याच माणसाच्या कवितेबद्दल तोंडावर कुणी खरं बोलत नाही. उपाय एकच: तीन महिन्यांतून एक बैठक फक्त सभासदांच्या लेखनाची, तीसुद्धा नाव न घालता टाइप केलेल्या प्रतींवर. इतर दिवशी खिशातला कागद खिशातच.

कन्नड कविता वर्षातून निदान दोनदा घ्यावी. इथल्या मराठी मुलांना शाळेत कन्नड असतंच, वडीलधाऱ्यांना बाजारातलं येतं, आणि द. रा. बेंद्रे यांच्यासारखा घरी मराठी बोलणारा कवी कन्नडमध्ये ज्ञानपीठापर्यंत पोचला तो शेजारच्या धारवाडात. आधी कन्नड येणाऱ्यानं मूळ कविता वाचायची, अर्थ न सांगता. मग ओळीखाली ओळ असा गद्य मराठी अर्थ. छापील अनुवाद मिळाला तर तो शेवटी. मूळ कविता देवनागरीत लिहून घेताना एक काळजी: कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. देवनागरीत नेहमीसारखं लिहिलं तर सगळेच दीर्घ वाचले जातात आणि चाल बिघडते. ऱ्हस्वासाठी ऎ आणि ऒ वापरावेत, आणि वाचणाऱ्याला ते आधी दाखवून ठेवावेत.

तरुणांबद्दल. इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकलेली मुलं मराठी फर्डं बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात आणि चारचौघांत ते उघडं पडायला नको म्हणून येतच नाहीत. त्यांना पहिल्याच दिवशी वाचायला सांगू नये. सुरुवातीला प्रत्येकानं आपल्याला आवडलेली एक ओळ नुसती वाचून दाखवायची, कारण सांगायचं नाही. एक ओळ सगळ्यांना जमते. दोन-तीन बैठकांनंतर त्यांना संवादाचा भाग द्यावा.

वर्षाचं वेळापत्रक शेतीवर ठरतं. पश्चिमेकडच्या भाताच्या गावांत जुलैत नट्टीची, म्हणजे भातलावणीची, घाई असते, तेव्हा खानापूर भागात बैठक ठेवून उपयोग नाही. श्रावण चांगला. गणपतीचे दिवस सोडायचे. एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांच्या काळ्या दिनाच्या, आसपास शहरात वातावरण तंग असतं, आणि मग सुगी. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की लॉजमध्ये खोल्या मिळत नाहीत. बाहेरगावचा पाहुणा त्या पंधरवड्यात बोलावू नये. मार्च परीक्षांचा, एप्रिल-मे जत्रा आणि लग्नांचा. सगळं वजा करून वर्षाला दहा बैठका झाल्या तर भरून पावलो म्हणावं.

संमेलनांच्या हंगामात मंडळानं स्वतःचा कार्यक्रम करूच नये. त्याऐवजी ज्या कवीला किंवा कथाकाराला जवळच्या गावात बोलावलंय त्याचं लेखन आधीच्या बैठकीत वाचून जावं. संयोजकांनी मदत मागितली तर एकच सत्र अंगावर घ्यावं, शक्यतो कविसंमेलन, कारण तेच सगळ्यात जास्त बिघडतं. ग्रंथदिंडी तासभर उशिरा पोचते, दीपप्रज्वलनाला वीस नावं असतात, शाल-श्रीफळ होईस्तोवर बारा वाजतात आणि कवींची वेळ जेवणानंतर पेंगलेल्या मांडवात येते. पंचवीस कवी, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे पंच्याहत्तर मिनिटं. पण प्रत्येकाची दोन मिनिटं ओळख करून दिली तर त्यात पन्नास मिनिटांची भर पडते. ओळखी छापून खुर्च्यांवर ठेवाव्यात, सूत्रसंचालकानं नाव आणि गाव एवढंच म्हणावं.

पैशाचं गणित छोटं असतं. पंधरा जणांची महिना पन्नास रुपये वर्गणी म्हणजे 750. पानाला दोन रुपये दर धरला तर आठ पानांच्या कथेच्या पंधरा प्रतींना 240, चहा 150, खोलीची वीज-झाडलोट 150, उरले 210. कवितेच्या महिन्यात झेरॉक्स तीसच रुपयांत होतं आणि 420 उरतात. दहा बैठकांत निम्म्या कथा, निम्म्या कविता धरल्या तर शिल्लक 3150 रुपये, म्हणजे तीनशे रुपये किमतीची दहा पुस्तकं. पाहुण्याचा खर्च यात बसत नाही. तो वर्षातून एकदाच, वेगळी वर्गणी काढून. कोल्हापूरहून येणाऱ्याला जाण्या-येण्याचं भाडं आणि मानधन पाकिटात घालून बोलायला उभं राहण्याआधी द्यावं. नंतर गर्दीत ते राहून जातं, आणि पुढच्या वर्षी तो माणूस कामात असतो.

एवढ्या व्यवहाराला नोंदणीची गरज नाही. बँकेत मंडळाच्या नावानं खातं हवं असेल, देणग्या घ्यायच्या असतील तरच कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, 1960 खाली नोंदणी करावी. निदान सात सभासद, नियमावली, आणि मग दरवर्षी कार्यकारिणीची यादी व हिशेब निबंधकांकडे. हे दरवर्षीचं काम करणारा माणूस आधी शोधावा. तो नसेल तर नोंदणी दोन वर्षांत नुसता कागद उरतो.

टिपणवही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी. जाड पुठ्ठ्याचं लाँगबुक, प्रत्येक बैठकीला एक पान: तारीख, मजकूर, कुणी वाचलं, किती जण होते, कुठले प्रश्न निघाले, कुठला सुटला नाही. न सुटलेला प्रश्न लिहिणं विसरतात, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात खरं तर तिथूनच व्हायला हवी. वही आणि पुस्तकं भिंतीला चिकटलेल्या कपाटात ठेवू नयेत. बेळगाव-खानापूरच्या पावसात भिंत ओल धरते, पुठ्ठ्यावर बुरशी येते आणि कसर कागद खाते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं, खालचा कप्पा रिकामा ठेवावा, पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळू नयेत. उघडीप मिळेल त्या दिवशी दारं सताड उघडी ठेवावीत. किल्ली दोघांकडे असावी, आणि त्यातला निदान एक जण गावातच राहणारा असावा.